इस्त्रीकाकूंची लाकडी काठी

इस्त्रीकाकू गोल्फ खेळतात असं सांगितलं की नवखा माणूस आधी हसतो. त्याची काही चूक नाही. सत्तरी ओलांडलेली ठेंगणी बाई, डोक्यावर धुऊन धुऊन रंग उडालेली टोपी, मनगटावर इस्त्रीने भाजल्याचे जुने डाग, आणि बोलणं सगळं कॉलर, कफ आणि शाईच्या डागांबद्दलचं. अशी बाई गोल्फच्या मैदानावर दिसली तर कुणाचे तरी कपडे पोचवायला आली असेल, असंच वाटायचं. मग काकू जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर चेंडू ठेवतात, पाय रोवतात आणि काठी फिरवतात. चेंडू दोरी आखल्यासारखा सरळ जातो आणि हसणाऱ्याचं हसू घशातच अडकतं.

हा खेळ काकूंनी शोधला नाही, तो भिंतीवरून उडी मारून त्यांच्या घरी आला. त्यांच्या वडिलांची लॉन्ड्री होती. मागे कपडे वाळत घालायचं मोठं अंगण, अंगणाला भिंत, आणि भिंतीपलीकडे गोल्फचं सार्वजनिक मैदान. तिथे शिकाऊ मंडळी सकाळपासून चेंडू बडवत बसायची, आणि त्यातले बरेचसे चेंडू भिंत ओलांडून ओल्या चादरींवर येऊन आदळायचे. वडील शिव्यांची लाखोली वाहायचे. काकू तेव्हा काकू नव्हत्या, नुकती शाळा संपवलेली मुलगी होती. ती चेंडू बादलीत गोळा करायची आणि परत द्यायला जायची.

मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये एक मास्तर बसत. ते खेळ शिकवत आणि काठ्याही स्वतःच्या हाताने बनवत. शेडभर लाकडाचा भुसा, सरसाचं भांडं, वॉर्निशचा वास. एके दिवशी बादली घेता घेता मास्तर म्हणाले, "रोज एवढे उचलून आणतेस, त्यातला एक मारून तर बघ."

मुलीने मारला. मास्तरांनी हातातली कानस खाली ठेवली.

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. चादर झटकतात ना, तसं केलं."

आणि खरंच ते तसंच होतं. पाणी पिऊन जड झालेली मोठी चादर झटकायची म्हणजे नुसत्या हातांचं काम नाही. दोन्ही मुठी एकत्र धरायच्या, कंबर वळवायची, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकायचा आणि शेवटच्या क्षणी मनगटाचा असा झटका द्यायचा की चादरीच्या टोकाने फट्ट आवाज केला पाहिजे. लहानपणापासून काकूंनी अशा चादरी झटकल्या होत्या. लोक शिकवणीला पैसे मोजून जे मिळवत होते ते या मुलीला वाळवणाच्या दोरीखाली फुकटात मिळालं होतं. मास्तर पुढे सगळ्या शिष्यांना म्हणायचे, "घरी जा आणि आधी चादरी झटका." कुणी झटकल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

लॉन्ड्रीच्या समोर, बोळाच्या पलीकडे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथला तरुण मान खाली घालून काम करायचा. टेबलावर उघडे पडलेले रेडिओ, तोंडात स्क्रू, हातात सोल्डरिंगची तापलेली सळई. कुठलाही रेडिओ आला की हा आधी त्याला कान लावायचा. "घरघर नाही ही, खरखर आहे," असं काहीतरी पुटपुटायचा आणि बरोबर तोच भाग बाहेर काढायचा. एकदा दुपारी भिंतीपलीकडून एक ठोका ऐकू आला. टेबलावरच्या रेडिओत कुणीतरी गात होतं. त्याने ते बंद केलं. पुन्हा ठोका. तो तसाच उठला, मैदानात गेला आणि मास्तरांना म्हणाला, "हा आवाज कोण काढतंय?" प्रेमात पडायच्या नाना तऱ्हा असतात. या गृहस्थाने बायको आधी ऐकली आणि मग पाहिली.

लग्नात मास्तरांनी काकूंना एक ड्रायव्हर दिला. गोल्फमध्ये सुरुवातीचा लांब फटका ज्या काठीने मारतात तिला ड्रायव्हर म्हणतात. हा मास्तरांनी स्वतः घडवलेला होता. टोकाला मुठीएवढा लाकडी ठोकळा, तपकिरी, वॉर्निश केलेला, खाली पितळेची पट्टी. काकूंनी तो लॉन्ड्रीत कोटांच्या रांगेत हँगरला टांगून ठेवला आणि एका गिऱ्हाइकाने तो आपलाच म्हणून घरी नेला, तेव्हा त्या दुसऱ्याच दिवशी जाऊन भांडून तो परत घेऊन आल्या. एवढा त्यांचा त्यात जीव.

पुढे लेक झाली. ती चालायला लागली, मग पळायला लागली, आणि एके दिवशी आईबाप कामात आहेत असं बघून तिने त्याच ड्रायव्हरने अंगणातल्या दगडावर टणाटण ठोके घातले. ठोकळ्याला मानेपाशी चीर गेली. काकू पायरीवर बसून राहिल्या. मास्तर तोवर वारले होते आणि त्यांची शेड मोडून तिथे गाड्या लावायची जागा झाली होती. काकांनी, म्हणजे त्यांच्या रेडिओवाल्या नवऱ्याने, काठी उचलली आणि दुकानात नेली. चिरेत सरस भरला, मग एका जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली तांब्याची बारीक तार काढून ती मानेभोवती घट्ट, एकाला एक लागून, अशी गुंडाळली की बोट फिरवलं तर वेढा कुठे सुरू होतो ते कळू नये. काकूंनी फटका मारला. पूर्वी नुसता 'टक' असा कोरडा आवाज यायचा, आता त्याला खाली किंचित गुंज आली होती.

"आता बसला सुरात," काका म्हणाले. जसा काही त्यांनी तो दुरुस्त नाही, जुळवलाच होता.

मैदानाच्या सातव्या टप्प्याला तळं होतं. खुंटीच्या जागेपासून समोर सरळ पाणीच. ज्याच्या अंगात जोर तो पाण्यावरून मारी, बाकीचे डाव्या काठाने छोटे छोटे फटके मारत लांबून जात. मैदानावरच्या कुठल्याच बाईने तोवर तळं पार केलं नव्हतं. एका सकाळी काकूंनी केलं. चेंडू वर चढला, पाण्यावरून गेला आणि पलीकडच्या गवतावर पडून टुणटुणत पुढे पळाला. काका बॅग टाकून असे ओरडले की तळ्यातली बदकं उडाली, आणि शेजारच्या टप्प्यावर एक जाडे गृहस्थ हळूच चेंडू खळग्यात ढकलत होते त्यांचा हात हलला आणि चेंडू चुकला. ते भांडायला आले. काकांनी त्यांना मिठी मारली. त्या मिठीची गोष्ट दोघं वर्षानुवर्षं सांगत, आणि दर वेळी ते गृहस्थ आणखी जाडे होत.

तो काळच तसा होता. लॉन्ड्रीत वाफेचा वास, बोळात कुणाच्या ना कुणाच्या रेडिओचा आवाज, सकाळी लवकर मैदान, मग दिवसभर दुकान. दोघांना वाटायचं, हे असंच चालणार. असं वाटायच्या दिवसांना आपण त्या वेळी काही किंमत देत नाही, ही माणसाची खोडच आहे.

मग काकांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू गेले. आधी तारांचे रंग चुकायला लागले, मग स्क्रू सापडेनात, मग गिऱ्हाइकाचा चेहरा ओळखायला आवाज लागू लागला. डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं आणि नंतर हात टेकले. दुकान बंद झालं. काकूंनी ड्रायव्हर कपाटावर टाकला. "आता कशाला ते," म्हणाल्या. नवरा अंधारात बसलेला आणि आपण हिरवळीवर चेंडू मारत फिरायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

काकांनी ऐकलं नाही. "मी येणार," म्हणाले. "मी बाकावर बसेन. नाहीतरी मला तू फक्त ऐकूच यायचीस आधी."

पहिले काही दिवस ते नुसते बसले. मग एकदा काकूंनी फटका मारला आणि त्या काही बोलायच्या आत काका म्हणाले, "डावीकडे गेला. झाडाच्या अलीकडे पडला असेल."

काकूंना वाटलं, लागला अंदाज. पुढच्या फटक्याला पुन्हा, "हा उजवीकडे. पण फार नाही." बरोबर. त्यांनी मुद्दाम काही न बोलता पुढचे फटके मारले. काका चुकले नाहीत. मग त्यांनीच समजावून सांगितलं. चेंडू ठोकळ्याच्या मधोमध लागला की तारेची गुंज पूर्ण येते. टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, लागला की ती दबते, आणि चेंडू उजवीकडे पळतो. टोकाला लागला की आवाज कडक येतो, आणि तो डावीकडे. "रेडिओ वेगळा, बिघाड तोच," असं म्हणून ते हसले. डोळे गेल्यापासून काका तसे हसले नव्हते, आणि काकूंनी चेंडू शोधायच्या निमित्ताने झाडाआड जाऊन डोळे पुसले.

तेव्हापासून दोघांचा हा रिवाजच झाला. काकू मारणार, काका सांगणार, मग काकांचा हात काकूंच्या कोपरावर आणि दोघं चेंडूकडे चालत जाणार. मैदानावरचे लोक थांबून बघत. त्या फटक्यापुरतं काकांना दिसत होतं, असंच म्हणायला हवं. दिवसभर कुठे काय ठेवलंय ते सगळं दुसऱ्याला विचारायचं आणि सकाळी त्या हिरवळीवर मात्र दुसऱ्याला सांगायचं, यात त्यांचा केवढा मान होता ते काकूंना ठाऊक होतं.

पण वय काकूंचंही होत होतं. खांदा धरू लागला, कंबर वळेना, आणि चेंडू सरळ जात असला तरी लवकर दमून खाली बसू लागला. एके दिवशी तळ्यावर फटका मारला आणि डुबुक झालं. दुसऱ्या दिवशी डुबुक. काकूंनी तळ्यावरून मारणं सोडलं. आता सातव्या टप्प्यावर आल्या की काका विचारत, "वळसा?" काकू म्हणत, "वळसा." बस्स, एवढंच. मग डाव्या काठाने दोघं गप्प चालत. काकूंना त्या एका शब्दाचा फार राग येई. ज्या माणसाने बदकं उडवली होती त्याला रोज वळसा ऐकवायचा!

लेक सुट्टीला आली तेव्हा तिने हे पाहिलं.

"आई, हा ड्रायव्हर आहे की कपडे बडवायचा दांडका?" ती म्हणाली. "आजकाल असल्या काठ्या कुणी हातात तरी धरतं का? नवीन घे. तुझ्या वयाच्या बायका आरामात तळं पार करतात."

"या काठीची चीर कुणी पाडली ते माहीत आहे ना?"

"म्हणून तर म्हणतेय. माझी जबाबदारी आहे."

तिने आईला मैदानाच्या दारातल्या दुकानात ओढतच नेलं. दुकानदार मोठा बोलघेवडा. त्याने एक काठी हातात दिली. काळी, चकचकीत, आणि टोकाला धातूचं एवढं मोठं पोकळ बोंड की काकूंना वाटलं यात दूध तापवता येईल. वजन मात्र काहीच नाही. सरावाच्या मोकळ्या पट्टीवर जाऊन त्यांनी फटका मारला. 'ठण्ण' आवाज झाला, रिकाम्या पातेल्यावर पळी मारावी तसा, आणि चेंडू... काकू बघतच राहिल्या. चेंडू खाली यायचं नाव घेईना. पुन्हा मारला. पुन्हा तेच. खांद्यातली कळ कुठे गेली कोण जाणे. तळ्याची रुंदी त्यांच्या डोळ्यांत पक्की होती, आणि हा चेंडू तेवढा सहज जात होता.

"आठवडाभर वापरा काकू," दुकानदार म्हणाला. "आवडली तर ठेवा, नाहीतर परत. तुमच्याशी काय हिशेब?"

लेक परत गेली आणि काकू त्या काठीसोबत एकट्या राहिल्या. त्यांनी काय केलं असेल? ती बॅगेत टॉवेलखाली दडवली. काकांना सांगितलं नाही. जो माणूस आयुष्यभर आवाजावरून रेडिओचा आजार ओळखत आला, त्याच्यापासून ही बाई आवाज लपवायला निघाली होती. चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांचीही बुद्धी कधी कधी गवत खायला जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या टप्प्यावर काका बाकावर बसले. काकूंनी कव्हर काढलं, चर्रकन आवाज झाला, आणि फटका मारला. ठण्ण.

काकांनी मान कलती केली. एरवी काठी खाली यायच्या आत ते बोलायचे. आज बोलेनात. चेहऱ्यावर काहीतरी हरवल्यासारखं झालं, खिसे चाचपताना माणसाचं होतं तसं.

"सरळ," काका शेवटी म्हणाले.

चेंडू डावीकडे झुडपात गेला होता. काकूंनी तो जाताना पाहिला होता. आणि त्या बाईच्या तोंडून, जिने आयुष्यात कधी गवतातला चेंडू पायाने इंचभर सरकवला नव्हता, शब्द निघाले, "हो. सरळ."

आता सरळ म्हटल्यावर सरळ जाणं आलं. दोघं मैदानाच्या मधोमध चालत गेले. काकूंनी खिशातून दुसरा चेंडू काढला आणि हळूच गवतावर सोडला. "हा बघा," म्हणाल्या. कान लाल झाले होते, पण ते बघायला कोण होतं?

मग रोज तेच सुरू झालं. काका म्हणत, "सरळ," कधी म्हणत, "उजवीकडे असेल." असेल! हा शब्द त्यांनी पूर्वी कधी मैदानावर वापरला नव्हता. चेंडू कुठेही जावो, काकू नवऱ्याने सांगितलेल्या जागी नेऊन चेंडू टाकत आणि काकांना बरोबर ठरवत. खिसे चेंडूंनी जड झाले. सातव्या टप्प्यावर मात्र त्यांनी नवी काठी काढली नाही. पाण्यात पडला तर डुबुक ऐकू येणार, तिथे खोटं चालणार नव्हतं. आणि पार झाला तर? तर काकांना कळणारच नाही. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्या खुंटी हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.

"वळसा?" काकांनी विचारलं.

"वळसा."

काकाही त्या आठवड्यात जरा विचित्रच वागत होते. दुपारचं जेवण झालं की त्यांचा जुना दोस्त न्हावी दारात हजर. "जरा दाढी करून येतो," असं म्हणून काका त्याच्यासोबत जात आणि दिवस कलता कलता परत येत. एकदा काकूंनी गालावरून हात फिरवला तर खुंट तसेच.

"अहो, दाढी करायला गेला होतात ना?"

"गप्पांत राहून गेली."

"रोज?"

"तो बोलायला लागला की वस्तरा विसरतो," काका म्हणाले आणि आत जाऊन पडले. काकूंना वाटलं, मैदानावर चुकतंय म्हणून यांचं मन लागत नाही, घरात बसवत नाही. आपल्यामुळे. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी काकांचा धुवट शर्ट इस्त्रीच्या टेबलावर पसरला. लॉन्ड्री विकली तरी ते टेबल त्यांनी घरी आणलं होतं, विचार करायला त्यांना तेवढीच जागा होती. कॉलर झाली, बाह्या झाल्या. तळं पार करायचं होतं ते कशासाठी? लोकांनी बघावं म्हणून? लोक तर काय, बघून चहा प्यायला जातात. ते या माणसासाठी करायचं होतं. आणि ज्या काठीने तळं पार होईल, त्याच काठीने हा माणूस बाकावर बसलेला नुसता एक म्हातारा होऊन जाणार होता. काकूंना रडू आलं. त्यांनी ते शर्टावर पडू दिलं आणि वरून इस्त्री फिरवली. काठी परत करायची, ठरलं.

सकाळी त्यांनी दोन्ही काठ्या बॅगेत घातल्या. जाताना नवी दुकानात द्यायची, असा बेत. पण दुकान उघडलेलं नव्हतं, म्हणून ती बॅगेतच राहिली. त्या दिवशी त्यांनी सगळे फटके लाकडी काठीने मारले. काका एकेक बरोबर सांगत गेले, डावीकडे, मध्ये, जरा उजवीकडे, आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. काका मात्र खूष दिसत नव्हते. चौथ्या, पाचव्या टप्प्यानंतर तर त्यांचं तोंड चांगलंच फुगलं.

सातव्या टप्प्याला तळं नेहमीसारखं समोर पसरलेलं. काका बाकावर बसले. काकूंनी चेंडू ठेवला.

"वळसाच," त्या आपणहून म्हणाल्या.

"दुसरी काढ," काका म्हणाले.

"दुसरी कुठली?"

"चर्र करून कव्हर निघतं ती. आज सकाळपासून एकदाही ऐकलं नाही मी. कुठे आहे? परत केलीस?"

काकूंनी काठी खाली टेकवली. "तुम्हाला कधी कळलं?"

"अगं, पहिल्या ठोक्याला. मी आंधळा आहे, बहिरा कधी झालो?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर त्याच दिवशी परत करून आली असतीस. तुला ओळखत नाही का मी?"

काकूंनी टोपी सारखी केली. मग हळूच विचारलं, "आणि ते... चेंडूंचं?"

"खिशातल्या?" काकांना हसू आवरेना. "आभाळातून गेलेला चेंडू आपण पोचायच्या आधी पडलेला असतो. तुझा आपण पोचल्यावर पडायचा. रोज! मी म्हटलं, टाकू दे बिचारीला."

काकू मटकन बाकावर बसल्या. लाज, राग आणि हसू एकदमच आलं. मग काकांनी बाकीचं सांगितलं. न्हाव्याकडे ते एक दिवसही गेले नव्हते. न्हावी त्यांना सरावाच्या पट्टीवर नेऊन बसवायचा आणि दुकानदार तसल्याच नव्या काठीने चेंडू मारायचा. मधोमध मार, आता टाचेने मार, आता टोकाने. दुकानदाराच्या नाकी नऊ आले होते. म्हणत होता, काका, चुकू नये म्हणून मी आयुष्यभर घाम गाळला आणि तुम्ही म्हणता नीट चुकून दाखव. न्हावी मागे उभा राहून चेंडू कुठे गेला ते सांगायचा, आणि काका ऐकत बसायचे.

"आधी काहीच हाती लागेना," काका म्हणाले. "सगळं ठण्ण. पातेल्यांचं दुकान पडल्यासारखं. मग कळलं, ठण्ण ऐकायचंच नाही. ठण्ण संपल्यावर मागे बारीक काहीतरी राहतं, ते ऐकायचं. त्या दुकानदाराचा हात जड आहे तुझ्यापेक्षा. म्हणून मी मनातल्या मनात आवाज जरा कमी करून ऐकायचो."

असं म्हणताना त्यांनी हवेत दोन बोटांनी रेडिओचं बटण फिरवलं. ते बोटांचं फिरवणं काकूंनी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. बोळ, दुकान, तोंडात स्क्रू धरून बसलेला तो तरुण, सगळं त्या बोटांसोबत परत आलं.

"आता बसून काय राहिलीस? काढ."

काकू उठल्या. चर्रकन कव्हर निघालं. लाकडी काठी त्यांनी काकांच्या हातात दिली. काकांनी ती उलटी धरली, ठोकळा तळहातात घेतला आणि अंगठा तारेच्या वेढ्यांवरून फिरवला. काकूंनी पाय रोवले. चादर, त्यांनी मनाशी म्हटलं, जड ओली मोठी चादर. आणि झटकली.

ठण्ण.

चेंडू वर गेला एवढंच त्यांना दिसलं. पुढचं काही दिसेना, कारण डोळे काठोकाठ भरले होते आणि तळं, आकाश, पलीकडचं गवत सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं. त्या कान देऊन उभ्या राहिल्या. डुबुक झालं नाही. की झालं आणि ऐकू आलं नाही? त्यांना काहीच सांगता येईना.

"अहो," त्या म्हणाल्या, "कुठे गेला?"

काकांनी मान कलती केली.

"पलीकडे," ते म्हणाले. "उजवा काठ. तिकडचं बाक आहे ना, त्याच्या जवळपास."

"असेल?"

"असेल नाही. आहे."

दोघं निघाले. तळ्याच्या काठाने, तोच डावा वळसा, पण आज चेंडू पुढे गेला होता आणि हे त्याच्यामागून चालले होते. काकांचा एक हात काकूंच्या कोपरावर, दुसऱ्या हातात उलटी धरलेली लाकडी काठी. ठोकळा त्यांच्या तळहातात असा बसला होता की मास्तरांनी तो त्याचसाठी घडवला असावा. दांडा जमिनीला टेकत ते चालत होते.

पलीकडच्या काठाला बाक होतं. बाकाच्या पायाशी गवतात पांढरा चेंडू होता. काकू वाकल्या, त्यांनी काकांचा हात धरून खाली नेला आणि चेंडूवर ठेवला. काकांनी तो चाचपला. मग हात तसाच वर नेला आणि काकूंच्या जाकिटाचा खिसा उलटा करून बघितला. मग दुसरा खिसा. एकात एक खुंटी निघाली, दुसऱ्यात काही नव्हतं.

तेव्हा कुठे काका ओरडले. तळ्यातली बदकं उडाली.